डाव्या चाकाची हवा

वराच्या बापाला न शोभणाऱ्या तऱ्हेने दत्तराव लॉरीच्या मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले होते. नव्या फेट्याचा शेमला धुळीत लोळत होता. तळहातावर कालवलेला चुना होता आणि बोटाने ते टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी पांढरी रेघ ओढत होते. उजव्या चाकावर रेघ ओढून झाली होती. वर हौद्यात सगळे वऱ्हाड खोळंबले होते. गंगाखेड मागे पडले होते, पालम अजून बरेच पुढे होते आणि लग्न गोरज मुहूर्ताचे होते.

लॉरी दत्तरावांची स्वतःची. एरवी ती कापसाचे गठ्ठे वाहत असे. महायुद्ध सुरू झाल्यापासून बाजारात टायर मिळत नव्हते, त्यामुळे जादा टायर जवळ नव्हते. एक जरी फुटले तर नवरी मांडवात आणि नवरदेव माळावर, अशी गत होणार होती. हवा मोजायचे यंत्रही नव्हते. परभणीच्या एका मिस्त्रीने दत्तरावांना ही रेघेची युक्ती सांगितली होती. रेघ ओढून गाडी थोडी चालवायची. रेघ मधे पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. सगळीकडे सारखी पुसली तर टायर सारखे झिजते आणि दगा देत नाही.

गाडी थोडी पुढे नेऊन ड्रायव्हर लिंबाजी खाली उतरला आणि चाकांशी वाकला.

"मालक, डाव्याच्या दोन्ही कडा पुसल्यात. उजव्याची रेघ नुसती मधीच पुसली."

"सकाळी दोन्हीत सारखीच भरली व्हती ना रे?"

"हवा सारखीच हाय. माणसं सारखी न्हाईत."

दत्तरावांनी वर पाहिले. रीतीप्रमाणे डावीकडे पुरुष बसले होते, उजवीकडे बाया आणि लेकरे. पुरुषांच्या मधोमध चारठाण्याचे थोरले जावई माणिकराव दोघांची जागा व्यापून बसले होते.

डावीकडे हवा भरायची तर पंपाचा वायसर गळका होता. निम्मी हवा लिंबाजीच्या तोंडावर येत होती. त्यापेक्षा माणूस हलवणे सोपे, असे दत्तरावांना वाटले.

"जावईबापू, जरा त्या अंगाला बसता का?"

"बायकांत?"

"कडंला हो. पालम येईस्तोवर."

"कामून?"

इथे दत्तराव खरे बोलले. "वजनाचं जरा..."

माणिकराव उठून उभे राहिले. "मी काय कापसाचा गठ्ठा हाय का, इकडून उचलून तिकडं टाकायला?" एवढे बोलून ते फळीवरून खाली उतरले आणि मागच्या बाजूला दूर एका लिंबाखाली जाऊन बसले.

वरमाय नर्मदाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, लेकीच्या धन्याला कुनी वजनात मोजतंय व्हय?"

"म्या न्हाई मोजलं. ती रेघच तसं सांगायलीय."

पंप जोडून लिंबाजी थांबला. "मालक, जावईबापू येणार असतील तं हवा भरतो. येणार नसतील तं हाय तेवढी बास हाय. काय ते एकदा ठरवा."

दत्तराव स्वतः मनवायला गेले आणि तसेच परत आले. मग दोघे वडीलधारे गेले. जावईबापूंनी त्यांच्याकडे पाठ केली. ऊन उतरत चालले होते. गुरे रानातून परतायच्या आत पालम गाठायचे होते. शेवटी नवरदेव भुजंग फळीवरून उडी मारून लिंबाकडे पळाला.

बऱ्याच वेळाने माणिकराव आले. कुणाकडे न बघता ते पुढे लिंबाजीशेजारी जाऊन बसले. मागचे डावीकडचे वजन आपसूक हलले होते. दत्तरावांनी दोन्ही चाकांवर घाईने नवी रेघ ओढली आणि ते पुढे दाराशी चढून ओरडले, "मार रे हँडल!"

मागच्यांना वाटले, भुजंग पुढे दाजींजवळ बसला असेल. पुढच्यांना वाटले, तो मागे चढला असेल.

रस्ता दगडगोट्यांचा होता. प्रत्येक दणक्याला दत्तराव दाराबाहेर डोके काढून चाकाकडे बघत. माणिकरावांनी दोनदा घसा खाकरला. ते पुन्हा भडकतील या धास्तीने दत्तरावांनी काही विचारले नाही.

पालमच्या वेशीत हलगी कडाडली. नवरीची आई ओवाळायला ताट घेऊन पुढे आली. तिला वळसा घालून दत्तराव चाकाशी जाऊन बसले.

"लिंबाजी, सारखी पुसली रे! मधी बी अन् कडंला बी!"

वरून नर्मदाबाईंनी विचारले, "भुजंग पुढं हाय ना?"

"पुढं? तो तं मागं हाय!"

हलगी थांबली. सगळ्या माना माणिकरावांकडे वळल्या.

"जावईबापू, भुजंग कुटंय?"

"माझा पानाचा डबा लिंबाखाली ऱ्हायला व्हता. तो आणायला गेला."

"मग गाडी सुटली तवा सांगायचं न्हाई का?"

"सांगणार कसं? मी रुसलो व्हतो ना."

नवरीच्या आईने ताट खाली ठेवले. वऱ्हाड भराभर उतरले. लिंबाजीने गाडी वळवली आणि थांबवली.

"मालक, एवढ्या हवेवर रिकामी गाडी लय उडंल. दगडावर आदळली तं टायर गेलंच म्हणून समजा. हवा सोडू?"

"सोडली तं येताना भरायला येळ कुटं हाय?"

माणिकराव पुढून खाली उतरले. कुणी सांगितले नसताना मागे गेले, धापा टाकत फळीवर चढले आणि मोकळ्या हौद्यात एकटेच मांडी घालून बसले.

"चला," ते म्हणाले.

वाटेतल्या ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर भुजंग पळत येताना दिसला. एका हाताने त्याने धोतर आवरले होते, दुसऱ्यात पानाचा डबा होता. दूर रानाच्या कडेला गुरांची धूळ नुकतीच उठत होती. मागे एकट्याच बसलेल्या मेहुण्याला बघून तो थबकला.

"दाजी, तुमी इथं?"

माणिकरावांनी हात देऊन त्याला वर ओढले.

"चढ लौकर. अन् त्या उजव्या अंगाला बस. डावीकडं मी हाय."