झरोक्याला मागे जायचं बटण नाही

"हे बाणाचं चित्र कसलं?" साहेबांनी पडद्यावर पेन टेकवून विचारलं.

"मागे जायचं बटण आहे, साहेब. आधीच्या पानावर परत यायला."

"मागे कशाला यायचं? आपलं कार्यालय पुढे चाललंय. काढा ते."

प्रोग्रॅमरने वहीत लिहिलं, 'मागे - काढणे'. त्याच्या वरच्या तीन ओळीही अशाच होत्या. पत्ता लिहायची पट्टी काढणे, बंद करायची फुली काढणे, माउसचं उजवं बटण दाबल्यावर उघडणारी यादी काढणे. वजनकाटे तपासून त्यांच्यावर शिक्का मारून देणारं ते कार्यालय. तिथला कामाचा वेळ ब्राउझर खातो, असा शोध साहेबांना नुकताच लागला होता. म्हणून सगळ्या संगणकांवरचे ब्राउझर काढून टाकायचे आणि नियम, अर्ज, परिपत्रकं बघण्यापुरती एक चौकट तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्येच बसवायची, असं ठरलं. तयार चौकट मिळत होती, पण साहेबांना ती नको होती. आपली स्वतःची हवी, आपल्या रंगाची हवी, आणि तिला नाव हवं. नाव त्यांनीच ठेवलं, 'झरोका'.

आता ब्राउझर घालवण्यासाठी जी चौकट बनवायची, तिच्या पोटात ब्राउझरच असतो, हे साहेबांना सांगणार कोण? प्रोग्रॅमरने तरी नाही सांगितलं. तो अकरा महिन्यांच्या करारावर होता आणि अकरावा महिना चालू होता. कायम करायची शिफारस साहेबांकडून मुख्यालयातल्या अध्यक्षांकडे जायची होती. याआधी दोन ठिकाणी त्याचे करार असेच संपले होते, आणि प्रत्येक वेळी आईने शेजारी सांगितलं होतं, "तो घरूनच काम करतो हल्ली." तिसऱ्यांदा तिला खोटं बोलायला लावायची त्याला खरंच लाज वाटत होती. ती बिचारी रोज संध्याकाळी दार उघडताच, त्याच्या पायातले बूट निघायच्या आत विचारायची, "झालास का रे कायम?"

तर झरोका तयार झाला. एक गोष्ट मात्र प्रोग्रॅमरने गुपचूप ठेवून दिली. ऑल्टची कळ दाबून धरायची आणि डावा बाण दाबायचा, की पान मागे जायचं. ही आतल्या ब्राउझरची मूळचीच सोय. चाचणी घेताना त्यालाच लागायची, म्हणून त्याने ती मोडली नाही आणि कोणाला सांगितलीही नाही.

चूक झाली ती दुसरीकडेच. पत्ता लिहायला जागाच नाही, तर माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे, असं त्याने धरलं आणि बाहेरची पानं अडवलीच नाहीत.

तीन दिवसांत आवक-जावक बाईंना वाट सापडली. पत्रांची नोंद ठेवता ठेवता ज्यांची अठरा वर्षं गेली, त्यांना बारीक अक्षर वाचायचा सराव असतो. कार्यालयाच्या संकेतस्थळाच्या तळाशी, ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव बारीक अक्षरात होतं, आणि त्यावर टिचकी मारली की कंपनीच्या बाकीच्या गिऱ्हाइकांची पानं लागायची. दुपारी त्या शेजारच्या टेबलावर पत्ता समजावून सांगत होत्या.

"सरळ खाली जा, अगदी तळापर्यंत. बारीक अक्षर दिसेल, तिथून आत शीर. मग चष्म्याच्या दुकानाचं चित्र लागेल. तिथे वळू नकोस, आत नुसते चष्मेच आहेत. त्याच्या पुढचा मांजरांचा डॉक्टर घे. डॉक्टरकडून लोकरवाली लागते, आणि लोकरवालीपासून पुढे रान मोकळं आहे बघ."

दोन दिवसांत अख्खं कार्यालय लोकरवालीकडे पोचलं. जायला वाट होती, यायला नव्हती. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं, तर दिवसा यंत्र बंद केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागायचा, हाही साहेबांचाच नियम. मग एकदा बाहेर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाहेरच राहायचा. बाकावर फळवाला तराजू मांडीवर घेऊन ताटकळत बसलेला असायचा.

"बाई, माझ्या काट्याचं काय झालं?"

"थांबा हो जरा," बाई खुर्चीत बसल्या जागेवरून म्हणायच्या, "मी बाहेर आहे."

शेवटी त्यांनी प्रोग्रॅमरला हाक मारली. "अहो, मला जरा परत आणून सोडता का?"

पडद्यावर मांजराला स्वेटर कसा विणावा ते बघून प्रोग्रॅमरने सगळं ओळखलं. "बाई, दाराशी कोण आलंय बघा," असं म्हणून त्याने त्यांना मान वळवायला लावली आणि खटाखट कळा दाबल्या. बाईंनी वळून बघितलं तर मूळ पान हजर.

"काय जादू आहे हो तुमच्या हातात!"

झालं! पहिल्या दिवशी तिघं, दुसऱ्या दिवशी नऊ जण, पुढच्या आठवड्यात तर तो टेबलाटेबलावर माणसं परत आणत हिंडत होता. बाहेरची पानं अडवायला प्रोग्रॅमच्या चार ओळी पुरल्या असत्या. त्या लिहिण्याआधी साहेबांच्या कानावर घालावं म्हणून तो आत गेला, तर साहेब आनंदाने उभेच होते.

"या, या! हा अहवाल बघा. झरोका दररोज सरासरी सात तास दहा मिनिटं उघडा! लोक नियम वाचतायत हो! जेवायच्या सुट्टीतसुद्धा वाचतायत! मी अध्यक्षांना कळवलंय. शुक्रवारी ते स्वतः येतायत, तेव्हाच तुमची शिफारस त्यांच्यापुढे ठेवतो."

त्या चार ओळी घातल्या, तर सात तासांची सात मिनिटं होणार होती. "तुमचं काही काम होतं का?" साहेबांनी विचारलं. "नाही, सहजच आलो होतो," असं म्हणून प्रोग्रॅमर बाहेर आला.

शुक्रवारी अध्यक्ष आले. मोठ्या टेबलावरचा खास मांडून ठेवलेला संगणक सोडून ते थेट आवक-जावक बाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. बाईंना पान बदलायची सोयच नव्हती.

"हा कुठला नियम?" अध्यक्षांनी लोकरीच्या गुंड्यांकडे बोट दाखवलं.

बाई म्हणाल्या, "वजनाचाच आहे, साहेब. ते बघा, दोनशे ग्रॅम लिहिलंय."

"असं होय. बरं, मुखपृष्ठावर चला, मला आपलं संकेतस्थळ बघायचंय."

साहेबांनी माउस हातात घेतला, पडद्याचे चारही कोपरे धुंडाळले. ज्या कोपऱ्यात बटण असायचं, तिथे आता कार्यालयाचं बोधचिन्ह होतं. "एक मिनिट, साहेब," म्हणत त्यांनी बोधचिन्हावरच चारदा टिचकी मारली. बोधचिन्हाने काय करायचं?

आता मेलोच, असं मनाशी म्हणत प्रोग्रॅमर पुढे झाला. कळफलक अंगाने झाकून त्याने ऑल्ट धरून डावा बाण अकरा वेळा दाबला. स्वेटर गेला, लोकर गेली, मांजरांचा डॉक्टर गेला, चष्मे गेले आणि कार्यालयाचं मुखपृष्ठ आलं.

"हे कसं केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

कळ सांगावी तर साहेबांचा हुकूम मोडल्याचा पुरावा, न सांगावी तर काय सांगावं? "थोडं तांत्रिक आहे," तो पुटपुटला. "हाताला वळण लागावं लागतं."

"पण मग बटणच का नाही ठेवलं?"

"शिस्तीसाठी!" साहेब गडबडीने मध्ये पडले. "बटण दिलं की माणूस मनाला येईल तेव्हा मागे येतो. आमच्याकडे मागे आणायला स्वतंत्र माणूस ठेवलाय, साहेब."

अध्यक्ष विचारात पडले. त्यांच्या मुख्यालयात चार बटणं होती आणि माणूस एकही नव्हता. "विचार चांगला आहे," ते म्हणाले. "कायम आहे का हा?"

"होतोय, साहेब. तेच तुमच्यापुढे ठेवणार होतो."

अध्यक्षांनी तिथल्या तिथे सही केली. सोमवारी आदेश हातात आला. पदाचं नाव होतं 'परतवणी सहायक'. आईने तो तीनदा वाचला, अर्थ विचारला नाही, डोळ्यांना पदर लावला आणि शेजारी जाऊन पहिल्यांदाच खरं सांगून आली. त्या संध्याकाळी प्रोग्रॅमरला दोन घास जास्त गेले.

मंगळवारी सकाळी बाई खुर्चीतून उठून त्याच्याकडे धावत आल्या. "अहो, गंमत झाली! ही ऑल्ट आणि हा बाण चुकून एकदम दाबला गेला आणि मी आपली आपण परत आले! आता तुम्हाला त्रास नको, मी सगळ्यांना दाखवते."

प्रोग्रॅमर चटकन म्हणाला, "दाखवू नका, बाई. एखादवेळी लागतं तसं. यंत्र बिघडायचं."

बाई जागेवर जाऊन बसल्या. त्याने दार लावून घेतलं आणि दुपारच्या आत ती सोय सगळ्या यंत्रांवर बंद करून टाकली. तिच्या जागी चार कळांची नवी जोडणी केली, ती फक्त त्याच्या डोक्यात राहिली. कायम कर्मचारी म्हणून त्याने कार्यालयासाठी केलेलं हे पहिलं काम. दुसरं त्याने लगेच बुधवारी केलं.

"अहो, येता का जरा?" बाईंनी हाक मारली. "कालचं ते आज जमेना. फळवाला सकाळपासून बसलाय."

"येतो ना," तो खुर्चीतून न उठता म्हणाला. "पण आजपासून रीतसर अर्ज लागेल, बाई. परत आणण्याबाबतचा. मुखपृष्ठावर ठेवलाय, तो भरून पाठवा."

"अहो, पण मुखपृष्ठावर जाण्यासाठीच तर तुम्हाला बोलावतेय!"

"काय करणार, बाई," परतवणी सहायक म्हणाला, "नियम आहे."