दोन चिरांची पंगत

उत्तमरावांच्या अकोटजवळच्या संत्र्याच्या मळ्यातलं सिमेंटचं टाकं दोन ठिकाणी चिरलं होतं. गवंड्याला निरोप धाडणार, तोच अमरावतीहून नात खुशी आली आणि म्हणाली, "आबाजी, चिरा बुजवू नका. मला पाहिजेत."

उत्तमराव बायकोला म्हणाले, "ऐकलं का? पोरीले एवढं शिकवलं, आता चिरा मागून राहिली."

खुशी जंतूंवर संशोधन करत होती. तिच्या बाटलीतले जंतू भेगेत शिरून चुना तयार करायचे आणि भेग हळूहळू भरायची. प्रयोगशाळेत ते जमलं होतं. खऱ्या टाक्यावर जमतं हे दाखवल्याशिवाय तिचा प्रबंध पुढं सरकणार नव्हता.

तिनं आजीला समजावलं, "रोज सकाळी डाव्या चिरेवर यातलं चमचाभर टाकायचं. उजवीवर नुसतं पाणी."

"उजवीनं काय घोडं मारलं?" माणिकबाईंनी विचारलं.

"तिला दिलं नाही तरच कळेल ना, की डावी यानंच बुजली."

"बरं," माणिकबाई म्हणाल्या. त्यांचं 'बरं' म्हणजे होकार नसतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खुशी मात्र वसतिगृहात राहणारी.

पावसाळा सरल्यावर ती परत आली. दुसऱ्या दिवशी तिचे सर टाकं बघायला येणार होते. डावी चीर पांढरी, कोरडी झालेली पाहून तिला भरून आलं. मग तिनं उजवी पाहिली. तीही पांढरी, तीही कोरडी.

"आजी, उजवीला काय टाकलं?"

"तेच. दोघीले सारखं."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. म्याही आधी पाणीच देलं. मंग हातच उठेना. शेजारी शेजारी बसल्या, एकीले वाढाचं अन् दुसरीनं तोंडाकडं पाहाचं? पंक्तिप्रपंच म्हणते त्याले. आपल्या दारी हे पाप नाही झालं कधी."

"आजी, ती भिंत आहे."

"अन् जंतू? ते जिते हायेत, असं तूच सांगे."

उत्तमराव म्हणाले, "मले तं दोनी बुजल्या, झालं."

सर आले. सगळं ऐकून टाक्याच्या कठड्यावर बसले. बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात माणिकबाईंनी पोहे आणले. सरांच्या बशीत जेवढे, तेवढेच गाडीच्या ड्रायव्हरच्या बशीत, शेंगदाणेसुद्धा. सरांनी दोन्ही बश्यांकडे पाहिलं आणि रागावायचं राहून गेलं.

निघताना ते खुशीला एवढंच म्हणाले, "दुसरं टाकं शोध. हात आखडता घेणाऱ्या माणसाचं."

असा माणूस बांधालाच होता. शेजारच्या मळ्यातले नत्थुजी पाहुण्याला पाणी विचारतानाही आधी तहान लागली का ते विचारत. त्यांच्याही टाक्याला दोन चिरा होत्या. खुशीनं बाटली दिली, पुन्हा सगळं समजावलं. नत्थुजींनी मान हलवली.

संक्रांतीला ती बघायला गेली, तर दोन्ही चिरा झिरपत होत्या. बाटली फळीवर होती, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"नत्थुजी, हे काय?"

"अमरावतीहून आणलेली वस्तू भिंतीवर ओताले मी काय येडा हावो? जपून ठेवली. अडीनडीले कामी येईन."

खुशी आजोबांच्या मळ्यात परतली. दोन्ही मळ्यांमधल्या बांधावर ती थांबली. मग तिनं सरांना फोन लावला.

"सर, एकीला देऊन दुसरीला उपाशी ठेवणारं इथं कोणी भेटत नाही. एक तर दोघींना देतात, नाहीतर कोणालाच नाही. चिरांऐवजी घरंच वाटून घेऊ. काही घरी बाटली द्यायची, काही घरी द्यायचीच नाही."

सर म्हणाले, "हे चालेल. नत्थुजींचं टाकं बिनबाटलीचं धरू. ते असंच झिरपू दे."

खुशीचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून ती वळली, तर माणिकबाई भरली वाटी पदराखाली झाकून नत्थुजींच्या मळ्याकडं निघाल्या होत्या.

"आजी, कुठं?"

"येतो," त्या न थांबता म्हणाल्या. "आपल्या बाटलीत उरलं होतं थोडंसं. त्या बिचाऱ्या दोघी कवाच्या उपाशी हायेत म्हणे."