अठ्ठ्याऐंशी नंबरची चिठ्ठी

सकाळी अकरा वाजता चिठ्ठ्या भरल्या दोनशे तेरा. हव्या होत्या दोनशे चौदा.

कोशकारबाईंनी दहा-दहाचे गठ्ठे करून पुन्हा मोजल्या. दोनशे तेराच. इंग्रजी-मराठी कोशासाठी गेली अडीच वर्षं त्या 'सेट' या एकाच शब्दावर बसल्या होत्या. एका अर्थाला एक चिठ्ठी, प्रत्येकीवर क्रमांक आणि कार्यालयाचा शिक्का. आज पाचच्या आत गठ्ठा पोचवायचा होता. मुख्य संपादक चिठ्ठ्या स्वतः मोजत, आणि एक जरी कमी भरली तरी जुन्या आवृत्तीतली नोंद जशीच्या तशी छापायला देत. जुन्या आवृत्तीत 'सेट'चे अर्थ होते अकरा.

चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा खड्डा सापडला. सत्त्याऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद.

"मग लिही की दुसरी," सासूबाई म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स होत्या. कुठल्याही प्रसंगात आधी पट्टी बांधायची आणि मग विचारपूस करायची, ही त्यांची पद्धत.

"काय लिहू? अर्थच आठवत नाहीये."

"मग अडीच वर्षं केलंस काय?"

बाईंना प्रश्न रास्त वाटला, म्हणून जास्तच लागला.

दीर रजेवर असल्याने घरीच होता. तो बांधकामावर सुपरवायझर. "वहिनी, घाबरू नका. आजूबाजूला काय आहे ते सांगा."

"सत्त्याऐंशी, सिमेंट घट्ट होणं. एकोणनव्वद, मोडलेलं हाड बसवणं."

"म्हणजे मधलं काहीतरी घट्ट होणारंच असणार. जेली?"

"एकोणऐंशी."

"केस? सलूनमध्ये करतात ते?"

"एक्क्याऐंशी."

"टीव्हीचा सेट? दागिन्यांचा?"

"ती नामं आहेत, भावजी. ती एकशे चाळिसाच्या पुढे."

"सूर्य?"

"सूर्य घट्ट होत नाही."

"तुझा चेहरा मात्र झालाय बघ," सासूबाई म्हणाल्या.

"एकशे तीन," बाई सवयीने म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू आलं.

मग शोध सुरू झाला. दिराने सोफा उलटा केला. सासूबाईंनी उशांचे अभ्रे काढून झटकले, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. बाईंनी फ्रिजसुद्धा उघडून पाहिला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून खिडक्या बंद होत्या. दोन वाजेपर्यंत दिराचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला.

"पोराचं काय झालंय हे," म्हणत सासूबाईंनी पंख्याचं बटण दाबलं.

"आई, नको!"

अडीच वर्षं अलगद वर गेली आणि घरभर पसरली.

तिघंही गुडघ्यांवर आले. एकोणचाळीस कपाटाखाली, एकशे साठ डाळिंबी चपलेत, बावन्न भिंत आणि घड्याळ यांच्यामध्ये. सव्वातीनला सगळ्या पुन्हा ओळीत लागल्या. बाईंनी मोजल्या. दोनशे बारा.

बाईंनी डोळे मिटले. दिराने कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला, तेव्हा त्याच्या कोपराला चिकटलेली एकशे एकाहत्तर सासूबाईंना दिसली. त्यांनी ती जखमेवरची पट्टी सोडवावी तशी हळूच सोडवली.

"दोनशे तेरा," बाई म्हणाल्या. सकाळी होत्या तिथेच त्या परत आल्या होत्या, फक्त चार तास गेले होते.

चार वाजता नवरा शाळेतून आला. उलटा सोफा आणि कचऱ्याचा ढीग ओलांडून तो टेबलापाशी पोचला आणि दोन्ही हात टेबलावर रोवून खूश झाला.

"बघ, अजिबात हलत नाही ना आता? तुला आज मांडामांड करायची होती, म्हणून सकाळीच पायाखाली घडी घातली."

"कसली घडी?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

"तुझीच एक चिठ्ठी. पण नीट बघून घेतली हां. सगळ्यांत कमी लिहिलेली. तेवढी अक्कल आहे मला."

दिराने टेबल बोटभर उचललं. वरच्या चिठ्ठ्या घसरू नयेत म्हणून सासूबाईंनी दोन्ही हात पसरले. बाईंनी खाली वाकून घडी ओढली आणि उघडली. अक्षर त्यांचंच होतं.

"काय आहे अर्थ?" दिराने विचारलं. टेबल अजून त्याच्या हातात होतं.

बाईंनी वाचलं, "'हा अर्थ सत्त्याऐंशीत मिळवला आहे. ही चिठ्ठी केवळ मोजणीसाठी.'"

"म्हणजे काहीच नाही?" सासूबाई म्हणाल्या. "आणि मी कचरा उपसला?"

"पण मोजणीला लागतेच हो, आई," म्हणत बाई चपला शोधू लागल्या. एक सापडली, दुसरी कपाटाखाली.

पाचला चार मिनिटं असताना मुख्य संपादकांनी मोजायला घेतलं. बाई उभ्याच होत्या. अठ्ठ्याऐंशीवर ते थांबले. चिठ्ठीला चार घड्या होत्या आणि मधोमध लाकडाचा चौकोनी ठसा.

"हे काय?"

बाईंना खोटं सुचलं नाही. "टेबल हलत होतं."

संपादकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे मोजलं. "दोनशे चौदा. बरोबर." त्यांनी वहीत सही केली. मग गठ्ठ्यातून अठ्ठ्याऐंशी ओढून काढली, मूळच्याच घड्यांवर दुमडली आणि वाकून आपल्या टेबलाच्या पायाखाली सारली. वर येऊन त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर दाबून पाहिले. टेबल हललं नाही.

"आता 'रन' हा शब्द घ्या," ते म्हणाले.

"घेते. त्यात अशा रिकाम्या चिठ्ठ्या किती ठेवू?"

संपादकांनी थोडा विचार केला.

"घरी टेबलं किती आहेत?"