तिसऱ्या गिअरची चौकशी

जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका नगरपरिषदेचा अग्निशमन बंब दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, ही बाब चालक चुडामण पाटील यांनी तीन मार्च रोजी लेखी कळवली. अर्जात त्यांनी बिघाडाचे कारणही लिहिले, आणि तिथेच त्यांचे चुकले. चालकाने फक्त तक्रार करायची असते. कारण शोधायला नगरपरिषदेत समिती असते, आणि समितीच्या आधी कोणाला कारण सापडले तर तो तिचा अपमान समजला जातो.

बंब ऑटोमॅटिक गिअरचा होता. गिअर आपोआप पडतात आणि डाव्या पायाला काहीच काम नाही, अशी ही गाडी तीन वर्षांपूर्वी नारळ फोडून आणली होती. पुढे गिअरबॉक्स बिघडला आणि तो धुळ्याच्या भूपेंद्र मिस्त्रीकडे गेला. भूपेंद्रने तो पूर्ण खोलला, जळालेल्या प्लेटा बदलल्या, पुन्हा बांधला आणि त्यात या गिअरबॉक्सला लागते ते पातळ लाल तेल भरले. धुळ्याहून परत येताना बंब महामार्गावर असा पळाला, की चुडामणला बावीस वर्षांत पहिल्यांदाच आपण आग विझवू शकू असे वाटले.

पण ते लाल तेल मिस्त्रीचे होते. नगरपरिषदेच्या गाडीत नगरपरिषदेचेच तेल असावे असा नियम आहे. मंजूर दरपत्रकात ‘गिअरबॉक्सकरिता’ एकच तेल होते, ट्रॅक्टरला आणि कचरागाडीला घालतात ते नव्वद नंबरचे, मधासारखे घट्ट. भांडारपालाने लाल तेल काढले, घट्ट तेल ओतले, वहीत नोंद केली आणि चुडामणची सही घेतली. दुसऱ्याच दिवशी बंबाने तिसरा गिअर घेणे बंद केले.

चुडामण वाहन विभागप्रमुख साळुंखे साहेबांसमोर उभा राहिला.

“साहेब, गाडी बिघडलेली नाही. तेल चुकलंय. ते काढून लाल तेल भरलं की झालं.”

“तेल मंजूर आहे ना?”

“मंजूर आहे, पण—”

“मग ते चुकीचं कसं असेल?” साहेबांनी अतिशय शांतपणे विचारले. “चूक गिअरबॉक्सची असेल, मिस्त्रीची असेल, तुमची असेल. मंजूर वस्तूची कशी असेल?”

भूपेंद्रला धुळ्याहून बोलावण्यात आले. त्याने गिअरबॉक्सची तेल मोजायची कांडी ओढली, बोटावर तेल घेतले आणि चुडामणकडे बघतच राहिला.

“हाई तेल कोणी टाकं?”

“भांडारनी.”

“हाई तेल नई भाऊ, गाडीनं मरण शे. बठ्ठं काढी टाका.”

त्याचे म्हणणे नोंदवून घेण्यात आले. तो काम केलेला ठेकेदार असल्याने त्याचे म्हणणे हितसंबंधी ठरले आणि नोंद खोडण्यात आली. मग पाच सदस्यांची समिती नेमली. तिच्यात स्वच्छता निरीक्षक, बांधकाम विभागाचा एक अभियंता, दोन लिपिक आणि उद्यान पर्यवेक्षक होते. उद्यान पर्यवेक्षकांच्या घरी ऑटोमॅटिक स्कूटर होती, म्हणून त्यांना तज्ज्ञ सदस्य केले.

समितीने चाचणी घेतली. तिसरा गिअर पडायला ताशी पस्तीसचा वेग लागतो, आणि आगाराच्या आवारात ताशी दहाच्या मर्यादेचा फलक आहे. बंब चाचणीसाठी रस्त्यावर न्यावा, असे चुडामणने सुचवले. रस्त्यावर न्यायला सुस्थितीचा दाखला लागतो आणि तो चाचणीनंतर मिळतो, हे त्याला समजावून सांगण्यात आले. त्यामुळे बंब आवारातच तीन फेऱ्या फिरला. तिसऱ्या गिअरचा प्रश्न चाचणीत कुठेच आला नाही, म्हणून तो सुटला असे धरण्यात आले.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण तपासणीचा छापील नमुना जुन्या गाड्यांचा होता. त्यात नववी नोंद होती, ‘क्लच पेडल: आहे किंवा नाही’. समितीने वाकून पाहिले. क्लचचे पेडल नव्हते.

साळुंखे साहेबांनी चुडामणला बोलावले. या वेळी ते उभे राहून बोलले.

“पेडल कुठाय?”

“या गाडीला ते नसतंच साहेब. कंपनीतून आली तेव्हाही नव्हतं.”

“म्हणजे गाडी ताब्यात घेतानाच ते गहाळ होतं आणि तुम्ही तीन वर्षं कळवलं नाही. हे लिहून देता?”

चुडामणला हसू येत होते, पण निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या माणसाला असे हसता येत नाही. गहाळ पेडलबद्दल त्याच्यावर नोटीस निघाली. शेवटी त्याने स्वतःच आगाराच्या वेल्डरकडून भंगारातले एक पेडल चालकाच्या पायाशी बसवून घेतले. ते कशालाच जोडलेले नव्हते. नववी नोंद ‘आहे’ अशी भरली गेली, समितीने समाधान व्यक्त केले, आणि बंबाला सुस्थितीचा दाखला मिळाला. घट्ट तेल होते तिथेच होते. चुडामणला मात्र झोप लागेना. आग लागली तर लोक समितीला शोधत जाणार नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

बारा एप्रिलला भर दुपारी रतिलालशेठच्या डाळमिलच्या बारदान गोदामाला आग लागली. मिल सात किलोमीटरवर. बंब सायरन वाजवत निघाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत राहिला. रिक्षा त्याला मागे टाकून गेल्या. उसाचा रस विकणाऱ्याने गाडा बाजूला घेऊन त्याला वाट करून दिली आणि बंब जवळ येईपर्यंत एक गिऱ्हाईकही केले. मोटारसायकलवरचा एक तरुण शेजारून हळूहळू चालवत मोबाईलवर चित्रण करीत होता. चुडामणने खिडकीतून डोके बाहेर काढले. घामाने आणि संतापाने त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

“चाळीस दिवसपासून सांगी ऱ्हायनू, तेल बदला म्हणीसन! कोणी ऐकस का?”

बंब पोचला तेव्हा गोदाम खाली बसले होते. पोती ओढून काढताना पहारेकरी झुलालचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. रतिलालशेठनी चुडामणच्या अंगावर थुंकल्यासारखे केले.

तो व्हिडिओ एक मिनिटाचा आहे. चुडामणचे बोलणे त्यात स्वच्छ ऐकू येते. पण पहिल्या चौदा सेकंदांत फक्त रेंगाळणारा बंब आहे, म्हणून कोणीतरी तेवढाच तुकडा ठेवला आणि त्यावर गाणे चढवले. ‘झोपाळू ड्रायव्हर’ या नावाने तो धुळ्यापासून बोदवडपर्यंत फिरला. चालकावर कारवाई करा, अशी मागणी दोन दिवसांत चार हजार लोकांनी केली. लोकभावनेपुढे प्रशासन नमते, असे साळुंखे साहेबांनी पत्रकारांना सांगितले आणि चुडामणला निलंबित केले.

आदेशाला पुरावा म्हणून त्या चार हजार प्रतिक्रियांची छापील यादी जोडली आहे. तुम्ही त्या तुकड्याखाली हसणारे तीन चेहरे टाकून तो भावकीच्या ग्रुपवर पाठवला होतात; हसणारे चेहरेही मागणीतच धरले आहेत. यादीत पान एकसष्टवर तुमचे नाव आहे.