दोन पोत्यांचे हवालदार

आमच्या आंजी गावात हवालदारांकडून आलेली कोणतीही वस्तू दोन पिशव्यांत येते. वाटीभर मीठ उसनं मागा. ते आधी लहान पिशवीत आणि मग तिच्या दुप्पट मोठ्या, ढिल्या पिशवीत बांधून मिळतं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा माणूस. एका पिशवीच्या कामाला दोन पिशव्या मला पटत नसत. एकदा तसं म्हणालो.

"आतली फुटतेच, भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले. "बाहेरची ढिली ठेवा लागते."

ही शिकवण आसामातल्या विमानतळाची. महायुद्धात बांधलेला तो तळ पुढे आपल्या मालवाहू विमानांचा झाला. तिथून बॉम्ब नव्हे, तांदूळ, डाळ आणि रॉकेल उडायचं. रस्ता नसलेल्या डोंगरांवरच्या चौक्या त्या तळाच्या भरवशावर जेवत. हवालदार फौजेत होते; विमानाच्या उघड्या दारातून ते पोती ढकलत. धान्याला हवाई छत्री नसे. आपटून आतलं पोतं फुटे, दाणे बाहेरच्यात राहत. पण खालच्यांनी पांढऱ्या कापडाची इंग्रजी टी अंथरली असेल तरच माल टाकायचा. खूण नसली, तर घिरट्या घालून भरलं विमान परत. टाकलेलं कोणी खाल्लं, हे मात्र नोकरी संपेपर्यंत त्यांना कळलं नाही.

सुट्टीवर आले की ते परसातल्या पेरूवर चढत. खाली त्यांची एकुलती मंदा टॉवेलांची टी अंथरी. टी वाकडी असली तर पेरू मिळत नसे. शेजारी हसत, बापलेक हसत नसत.

आणीबाणी उठली त्या सुमारास हवालदार निवृत्त होऊन आले. मग मंदाने समुद्रपूरकडच्या एका मुलाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. हवालदार लग्नाला गेले नाहीत. तीही पुन्हा आली नाही.

तेव्हापासून दर साली नवी तूरडाळ झाली की ते दोन पोत्यांत डाळ बांधून समुद्रपूरच्या बसमध्ये बसत. मंदाचं शेत सडकेला लागून. ते खिडकीतून बघत, तसेच पुढे जात आणि पोतं घेऊन परत येत. विचारलं तर म्हणत, "खूण नोती."

एका साली जिनिंगच्या कामाने मी त्याच बसमध्ये होतो. लेकीचं घर आहे, चौकी नव्हे, उतरा की, असं मी त्यांना सांगितलं.

"तिले नको असन त?" ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "खाली पाह्यजे का नाई, हे वरून समजत नाई, भाऊ."

पुढच्या साली मंदाला आधी एक पोस्टकार्ड टाकून मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेलो. मंदाचं शेत आलं. धुऱ्याजवळ, बांधालगतच्या मोकळ्या जागेवर दोन पांढरी धोतरं अंथरली होती. एक आडवं, एक उभं. टोकांवर दगड. टी अगदी सरळ होती.

हवालदारांनी स्वतःच घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कंडक्टर जुना ओळखीचा. तो म्हणाला, "द्या हवालदार, दारातून टाकून देतो."

"नाई," ते म्हणाले. "हे टाकाचं नाई."

पोतं खांद्यावर घेऊन ते उतरले. कापडावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत गेले. पलीकडे मंदा उभी होती.

संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये मी त्यांची जागा धरून ठेवली होती. शेताजवळ गाडी थांबली. ते चढले नाहीत.