मार्केटरावांचं अर्धं शटर

गल्लीत त्यांना सगळे मार्केटराव म्हणत आणि त्यांनाही ते नाव मनापासून आवडत असे. विजेच्या सामानाचं दुकान वडिलांकडून हाती आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "मार्केट आहे याला!" नव्या महागड्या गेमिंग कन्सोलबद्दल तर ते त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की बायको झोपेतही मान डोलवू लागली.

"अहो, पण एवढं महागाचं घेणार कोण?" ती जागेपणी विचारी.

"रांग लावतील लोक, रांग! तू बघच!"

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मात्र मान डोलवली नाही. त्यांनी कन्सोलचं खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ज्याला खेळायचंय त्याच्या खिशात पैसे नाहीत. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला खेळायला वेळ नाही. तू हे विकणार कुणाला?"

मार्केटरावांचं डोकं फिरलं. रागाच्या भरात त्यांनी अण्णांच्या इस्त्र्या, बल्ब, टेबलफॅन दर्शनी फळीवरून उचलले आणि मागच्या खोलीत नेऊन कोंबले. त्या जागी कन्सोल लागले. अण्णांनी काउंटरमागचं आपलं स्टूल भिंतीला लावून ठेवलं, चपला घातल्या आणि घरी गेले. त्या दिवसापासून त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. गल्लीतही ते दिसेनासे झाले. घरी बापलेक एकाच टेबलावर जेवत, पण मीठ मागायचं झालं तरी सूनबाईमार्फत.

मार्केटरावांना हे मनातून फार लागलं होतं. 'या' म्हणायची मात्र लाज वाटत होती. त्यांचा हिशेब सरळ होता. एकदा गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, की अण्णा आपण होऊन येतील, "तुझंच खरं" म्हणतील आणि पुन्हा स्टुलावर बसतील.

झुंबड आपोआप उडत नाही, एवढी अक्कल त्यांना होती. म्हणून विक्रीच्या पहिल्या दिवशी त्यांनी नातेवाइकांनाच रांगेत उभं केलं. मामा, मावशी, आत्या, साडू, मेहुणी, झाडून सगळे!

"हसायचं नाही! बोलायचं नाही!" त्यांनी बजावलं. "तुम्ही गिऱ्हाईक आहात. कुणी कुणाला ओळखत नाही. ओळखीचं कुणीही दिसलं तरी ओळख दाखवायची नाही!"

"सख्ख्या नणंदेशीसुद्धा नाही?" मेहुणीनं विचारलं.

"तिच्याशी तर मुळीच नाही!"

मावशींना गप्प राहणं म्हणजे शिक्षाच. त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला. बाकीचे खाली माना घालून उभे राहिले. लोकांची उत्सुकता वाढावी म्हणून मार्केटरावांनी शटर अर्ध्यावरच ठेवलं. आत लांब टेबलावर कन्सोलची खोकी ओळीनं मांडली, भोवती फुलं ठेवली. वरून झाकायला मखमल हवी होती, पण ती मिळाली नाही. बायकोनं घरची पांढरी चादर दिली.

आता समोरच्या शिंप्याच्या जागी बसून बघा. शटर अर्धं. बाहेर सगळे नातलग, कुणी कुणाशी बोलत नाही. मावशींच्या तोंडाला रुमाल. आत टेबलावर काहीतरी लांबट, त्यावर पांढरी चादर, भोवती फुलं. आणि अण्णा कित्येक दिवसांत दिसलेले नाहीत! शिंप्यानं मशीन थांबवलं.

तो वाकून आत आला आणि त्यानं मार्केटरावांचा हात हाती घेतला. "फार वाईट वाटलं हो."

किंमत ऐकून वाटलं असणार, असं मार्केटरावांनी धरलं. "सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं," ते म्हणाले. "हळूहळू सवय होते."

त्यांचा धीर पाहून शिंप्याचे डोळे भरले. "कसलीही मदत लागू दे, माझं नाव पहिलं धरा."

पहिलं बुकिंग! मार्केटरावांचा ऊर भरून आला. पाठोपाठ मेडिकलवाला आला. त्यानं चादरीकडे पाहिलं आणि "किती आटले होते!" असं पुटपुटून बाजूला उभा राहिला. मग लाँड्रीवाला आला. एकेक करून गल्लीतली सगळी शटरं अर्ध्यावर आली. मार्केटरावांनी घाईघाईनं घरी फोन लावला.

"अगं, लोक दुकानं टाकून येताहेत! अण्णांना सांग!"

"अण्णा घरात नाहीत हो," बायको म्हणाली. "सकाळीच कुठं गेलेत, सांगूनही गेले नाहीत."

तेवढ्यात म्हातारा घड्याळवाला पुढं आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "नवी इस्त्री मागायला आलो होतो मी. अण्णा म्हणाले, 'घेऊ नकोस, जुनीच नीट करून देतो.' असा दुकानदार आता व्हायचा नाही. गेले बिचारे!"

"कोण गेले?"

"असं काय करता? अण्णा!"

मार्केटरावांना बायकोचं फोनवरचं बोलणं आठवलं. घरात नाहीत, सांगून गेले नाहीत... आणि आपण इथं फुलं मांडत बसलो! सगळ्या गल्लीला कळलं आणि पोटच्या मुलाला नाही! ते मटकन खाली बसले आणि लोकांदेखत हुंदके देऊन रडू लागले.

"एकदा नुसतं 'या' म्हणायला हवं होतं मी! त्या इस्त्र्या परत पुढं मांडल्या असत्या!"

"मग मांड की," शटरखालून आवाज आला. "आणि हे शटर वर कर. वाकून कंबर मोडली माझी."

शिंपी किंचाळला. मेडिकलवाल्यानं टेबल घट्ट धरलं. अण्णा आत आले, पाठोपाठ मामा.

"हे केव्हापासून आहेत?" मार्केटरावांनी डोळे पुसत विचारलं.

"सकाळपासून. रांगेत शेवटी, कोपऱ्यापलीकडे," मामा म्हणाले.

"मग सांगायचं नाही?"

"ओळख दाखवायची नाही म्हणालास ना!"

अण्णांनी खिशातून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. "रांग घरचीच आहे, असं सूनबाईच्या बोलण्यातून कळलं. म्हटलं, रांग घरची, मग मीच का मागं राहू? एक दे ते खेळणं."

मार्केटरावांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं, बाहीनं पुसलं आणि म्हणाले, "या, अण्णा."

जमलेल्यांची मात्र पंचाईत झाली. जिवंत माणसासमोरून नुसतं कसं निघायचं? शिंप्यानं इस्त्री घेतली. मेडिकलवाल्यानं बल्ब घेतले. लाँड्रीवाल्यानं आणखी इस्त्र्या घेतल्या. संध्याकाळपर्यंत मागची खोली निम्मी रिकामी झाली. कन्सोल एकच गेला, तोही घरीच.

अण्णांनी उरलेल्या खोक्यांवरची चादर काढून तिची नीट घडी केली आणि गंभीरपणे म्हणाले, "मार्केट आहे रे."

मार्केटरावांचा चेहरा उजळला. "कन्सोलला?"

"माझ्या जाण्याला. चादर धुऊन ठेव, टेबलफॅन अजून खपायचे आहेत."