उमेदवार क्रमांक सत्तेचाळीस

मी एकदा ठरवलं की ठरवलं! भुसावळ जंक्शन एक वेळ जागचं हलेल, पण ही प्रज्ञा सुरवाडे हलायची नाही. तर यंदा मी ठरवलं, की लग्न करायचं. वय त्रेचाळीस. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, रेल्वेचंच क्वार्टर, आणि क्वार्टरमध्ये मी व माझ्या सासूबाई द्रौपदाबाई, अशा दोघीच.

माझे यजमान रविंद्र सहा वर्षांपूर्वी ड्यूटीवरून आले, "चहा ठेव" म्हणाले, आणि चहाला उकळी फुटायच्या आत गेले. त्यांच्याच जागेवर मला नोकरी लागली. सहा वर्षं मी तो चहा एकटीने प्यायले. आता पुरे!

जळगावला आमच्या समाजाचा परिचय मेळावा होता. सासूबाईंना न सांगता मी फॉर्म भरला. त्यात 'पहिल्या जोडीदाराविषयी थोडक्यात' असा एक रकाना होता. थोडक्यात! रविंद्रविषयी! मी मागचं अख्खं पान भरलं आणि वर एक पुरवणी जोडली. स्वतःच्या रकान्यात लिहिलं, 'स्वयंपाक येतो, जेमतेम.' बरा फोटो एकच होता, नणंदेच्या लग्नातला, दोघांचा. फॉर्म घेणाऱ्याला बजावलं, "यातला एकच कापून घ्या हं!"

त्यांनी एकच कापून घेतला. रविंद्रचा!

सोमवारी मेळाव्याची पुस्तिका मोबाईलवर आली. वधूंच्या पानांत मी कुठेच नाही. वरांच्या पानांत सत्तेचाळिसाव्या नंबरावर आमचे हे, लग्नातला फेटा बांधून हसताहेत! ज्याचा मजकूर जास्त तोच उमेदवार, असा हिशेब कुणीतरी केला होता. त्यात प्रूफ तपासणारा भलताच हुशार. मी लिहिलेलं 'भांडी स्वतः घासायचे' त्याने 'भांडी स्वतः घासतात' करून टाकलेलं. 'बायकोवर कधी आवाज चढवत नाहीत. आईचे पाय चेपतात. निर्व्यसनी.' आणि खाली फोन नंबर माझा.

अहो, असा नवरा छापून आल्यावर काय होणार? मुंग्यांच्या वारुळात गुळाची ढेप पडावी तसं झालं!

पहिला फोन धुळ्याहून. "चुडामण बोलतोय. रविंद्रभाऊ आहेत का? बहिणीसाठी विचारायचं होतं."

"ते नाहीत."

"मग कधी भेटतील?"

"ते गेले हो."

"कुठे? बदलीवर?"

"वारले! सहा वर्षं झाली!"

"अरे अरे! आपण कोण?"

"मी त्यांची बायको."

"बायको आहे? आणि पुस्तिकेत तर 'एकटे' लिहिलंय! फसवणूक करता काय लोकांची?" खाडकन फोन बंद. माणूस मेलाय हे त्यांना चाललं असतं बहुतेक. लग्न झालेलं होतं, ते चाललं नाही!

बुधवारपर्यंत एकोणीस फोन झाले. आयोजकांना फोन करावा तर तो कायम व्यस्त. आणि बुधवारी, मी न्हाणीत असताना विसावा फोन सासूबाईंनी उचलला. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, बोली अहिराणी. आवाज असा, की शेजारच्या क्वार्टरलाही बातमी कळावी.

"माय व, मना रवी म्हनजे सोनं! बठ्ठा भुसावळमा असा पोऱ्या सापडाव नही!"

मी ओल्या केसांनी धावत बाहेर आले. सासूबाईंनी फोन ठेवला होता. चेहरा दिव्यासारखा उजळलेला.

"प्रज्ञा, कोन्ही सविता बिऱ्हाडे व्हती, अमळनेरनी. सहा वरीसमा पह्यलांदाव कोन्ही तरी मना रवीनी चौकशी कयी व!"

आता काय सांगू? पण लपवणं माझ्या रक्तात नाही. (फॉर्म लपवला होता, तो अपवाद!)

"आई, तो फोन लग्नासाठी होता."

"कोनं लगीन?"

"माझं."

सासूबाईंनी मोबाईल घेतला, फेट्यातला फोटो डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "लगीन तुनं, आनि नाव मना पोऱ्यानं?"

त्यानंतर तीन दिवस त्या फक्त टीव्हीशी बोलल्या. नवरा मिळो न मिळो, ही म्हातारी हातची गेली तर मी घरी येऊन भांडायचं कुणाशी? एकदा वाटलं, जाऊ दे तो मेळावा. पण मग पुस्तिका पोचली त्या घराघरांत तो फेटेवाला जिवंतच राहिला असता. ते काही बरं नव्हे. चूक मीच जाऊन दुरुस्त करणार!

रविवारी सकाळी पाहते तो सासूबाई जांभळं लुगडं नेसून दारात बसलेल्या. "मी बी येस."

मी दोघींची तिकिटं काढली.

जळगावचा हॉल गच्च भरलेला. मी आयोजकांच्या टेबलाकडे वाट काढत होते, तेवढ्यात माईक कडाडला. "उमेदवार क्रमांक सत्तेचाळीस, श्रीयुत रविंद्र सुरवाडे!"

बायकांच्या बाजूला अशी चुळबुळ झाली, की पंख्यांचा आवाज बुडाला. मी सरळ स्टेजवर चढले.

"ताई, महिलांचा परिचय दुपारी आहे," निवेदक म्हणाला.

"मीच सत्तेचाळीस!" मी माईक हिसकावला. "रविंद्र सुरवाडे माझे पती. कालकथित. फोटो त्यांचा, गुण त्यांचे, फोन माझा. ते आता उपलब्ध नाहीत. मी आहे! नोकरी पक्की आहे. भांडी मात्र मला नीट घासता येत नाहीत. ती सवय त्यांनीच मोडली."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला. आणि तेवढ्यात मागून सासूबाईंची तोफ: "आनि सासू संगे येई! पह्यलेच सांगी दे!"

हॉल खदाखदा हसला. मी मात्र माईकसमोर ढसाढसा रडले. तीन दिवस टीव्हीशी बोलून बाईंनी हे ठरवलं होतं तर!

जेवणाच्या रांगेत एक चष्मेवाली बाई जवळ आली. "मी सविता बिऱ्हाडे. तो मजकूर मी सात वेळा वाचला हो. खरंच होते असे?"

"खरंच. पण घोरायचे. ते पुरवणीत मावलं नाही."

ती हसली, मग तिचेही डोळे भरून आले. रांगेत एकाच माणसासाठी आम्ही दोघी नाकं पुसत उभ्या! ओळख झाल्यावर पाच मिनिटांत एवढं जमलेली मैत्रीण मला आजवर मिळाली नव्हती.

दुपारभर मी नीट बसून वाट पाहिली. 'सासू संगे' ऐकून सगळे उमेदवार पांगले होते. शेवटी एकजण आला. निळा शर्ट, नाकीडोळी नीटस. मी पदर सावरला.

"ताई," तो म्हणाला. (ताई! संपलंच की!) "मी समाधान, मुक्ताईनगरचा. आई गेल्यापासून आमचे आबा तीन वर्षं कुणाशी धड बोललेले नाहीत. मी त्यांना घेऊन आलो, ते नुसतेच बसून होते. मघाशी तुमच्या सासूबाई ओरडल्या, तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, 'ती बाई कोण रे?'"

मी वळून पाहिलं. खिडकीपाशी एक टोपीवाले आबा बसले होते. शेजारच्या खुर्चीवर जांभळं लुगडं. हातवारे करून काहीतरी सांगणं चालू होतं, आणि आबा हसत होते.

तर, एवढा फॉर्म भरून, एवढं रडून, आमच्या घरात स्थळ आलं ते असं! येत्या रविवारी मंडळी भुसावळला येताहेत. मुलीकडची मंडळी म्हणजे मी एकटीच. मदतीला अमळनेरहून सविता येतेय. पोहे मी करणार, जेमतेम का होईना.

काल रात्री तयारीचं विचारलं, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पोहामा शेंगदाना टाकू नको. त्यास्ले दात नही शेत."